रसवंतीपासून सुरुवात: डिजिटल पेंटिंग आणि कन्सेप्ट डिझाइन शिकण्याचा वर्षभराचा क्रम

इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्यांना 'संकल्पचित्र' हा पेपर आठवत असेल. चौकोन नाहीतर वर्तुळ आखायचं, त्यात पानंफुलं बसवायची, पोस्टर कलर सपाट भरायचे आणि कड सांडू द्यायची नाही. आज कन्सेप्ट डिझाइनला कुणी संकल्पचित्र म्हटलं तर शब्द चुकत नाही, पण काम अगदी निराळं आहे. कन्सेप्ट डिझायनरचं चित्र भिंतीवर टांगायला नसतं. ते पुढच्या माणसाला हात घालता यावा म्हणून असतं. हा पुढचा माणूस म्हणजे गेमचं थ्रीडी मॉडेल बनवणारा, सेट उभारणारा सुतार, पोशाख शिवणारा शिंपी. चित्र देखणं आहे, पण त्यावरून वस्तू बनत नाही, तर काम अर्धंच झालं.

आपल्याकडे असं काम करणारे नवे नाहीत. रंगभूमीचे पडदे रंगवणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूकपटांकडे वळले, तेव्हा त्यांनी रंगवलेल्या पडद्यांच्या जागी उभे सेट आणले. चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी राज कपूरच्या चित्रपटांचं कलादिग्दर्शन केलं. तिकडे अमेरिकेत सिड मीड आधी फोर्ड कंपनीत मोटारींचं डिझाइन करायचा, सिनेमातली भविष्यातली शहरं त्याने नंतर रंगवली. तिघांनाही रंगवता येत होतंच, पण वस्तू उभी कशी राहते हेही कळत होतं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा शिकायला येऊ लागला. सोलापूरचा, एटीडी म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केलेला, लँडस्केपचा हात चांगला. त्याआधी चार महिने त्याने पेनने संगणकावर चित्र काढायचा टॅबलेट घेतला होता. पहिल्या दिवशी दाखवलेल्या फाइलमध्ये मावळतीच्या उजेडात एक योद्धा उभा होता. तलवार चमकत होती, लेयर, म्हणजे एकावर एक चढवलेले चित्राचे थर, होते चौसष्ट, आणि सगळं अंग साबणाची वडी भिजून गुळगुळीत व्हावी तसं. "मॅडम, वॉटरकलरमध्ये माझं असं होत नाही," तो म्हणाला. त्याचं खरं होतं. वॉटरकलरमध्ये कागद वाळतो, म्हणून वॉश मारण्याआधी ठरवावं लागतं. स्क्रीन वाळत नाही, त्यामुळे काही ठरवावंच लागत नाही, आणि न ठरवलेल्या जागी माणूस मऊ ब्रश फिरवत बसतो. पुढचं वर्षभर आम्ही जे केलं, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. रोज दोन तास देता येतील असं धरलंय. नोकरी करून शिकत असाल तर वर्षाचं दीड वर्ष होईल, बिघडत नाही.

पहिले पंधरा दिवस: हात बसवा

स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट घ्या. पाच हजारांच्या आत कामापुरता चांगला मिळतो. हात टेबलावर आणि नजर समोर, ही सवय आठ-दहा दिवसांत अंगवळणी पडते. स्क्रीनवाला टॅबलेट प्रत्येकालाच हवासा वाटतो. पण त्याने कुणाचं चित्र सुधारलेलं मी पाहिलं नाही, मान धरलेली मात्र पाहिली आहे. खोक्यावर प्रेशरच्या ८१९२ पायऱ्या लिहिल्या आहेत की १६३८४, यात पडू नका. हाताला तेवढा फरक कळत नाही.

सॉफ्टवेअर म्हणून क्रिता घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि चित्र काढण्यासाठीच बनवलेलं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये फोटोशॉप असेल तर तेही उत्तम. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट एकदाच पैसे भरून मिळतं. क्रॅक केलेली कॉपी टाकून व्हायरस घरी आणण्याची गरज आता उरलेली नाही.

चित्र काढण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन त्याच्या क्षेत्राचं प्रमाण मॉनिटरच्या प्रमाणाशी जुळवा. मॉनिटर १६:९ असेल आणि टॅबलेटचं क्षेत्र वेगळ्या प्रमाणात असेल, तर हाताने गोल काढला तरी स्क्रीनवर लंबगोल उमटतो. दोष आपल्या हाताचा आहे असं समजून मुलं महिनोन्महिने गोल गिरवत बसतात. दुसरी, प्रेशर कर्व्ह, म्हणजे हाताच्या दाबाला पेन किती दाद देतो त्याची सेटिंग. हात जड असेल तर तो थोडा कडक ठेवा, नाहीतर प्रत्येक रेघ पूर्ण काळी येईल. तिसरी, विंडोजवर पेन टेकवल्यावर गोल लाटा उमटत असतील किंवा प्रेशर लागतच नसेल, तर विंडोज इंक या पेन हाताळणाऱ्या सोयीची सेटिंग बदलून पाहा. क्रिताच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय असतात. एक चालला नाही तर दुसरा चालतो.

रोजचा सराव वीस मिनिटांचा. दोन ठिपके द्या आणि खांद्यातून एका झटक्यात रेघ ओढून ते जोडा. लंबगोल काढा, आधी मोकळे, मग दोन रेघांच्या मध्ये अडकवलेले. एक पट्टी आखून हाताच्या दाबानेच तिला डावीकडून उजवीकडे फिक्यापासून गडदपर्यंत न्या. रेघ सरळ करून देणारा स्टॅबिलायझर कमीत कमी ठेवा. तो जास्त असला की हात शिकत नाही, सॉफ्टवेअरच शिकतं.

आणि कंट्रोल-झेड, म्हणजे ओढलेली रेघ मागे घेणारं शॉर्टकट. त्या मुलाच्या मशीनवरून मी हे शॉर्टकट एका आठवड्यासाठी काढूनच टाकलं. पहिले दोन दिवस तो चिडचिडला, तिसऱ्या दिवशी रेघ ओढण्याआधी थांबायला लागला. मला तेवढंच हवं होतं.

ब्रश दोनच. एक कडक कडेचा गोल, ज्याची अपारदर्शकता दाबावर बदलते, आणि एक चपटा. क्रिताबरोबर शंभराहून जास्त ब्रश येतात. ते उघडून बघा, हौस भागवा आणि बंद करा. नेटवरून ब्रशचे गठ्ठे उतरवणं हा चित्र न काढण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे.

लेयरबद्दल एक हिशेब. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, २४८० × ३५०८ पिक्सेल होतो. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला साधारण ३५ एमबी लागतात. असे चौसष्ट भरले की सव्वादोन जीबी तिथेच जातात, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्रश मागे रेंगाळायला लागतो. सरावाची चित्रं १६०० × ९०० वर करा, एकाच लेयरवर.

तीन महिने काळं-पांढरं

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त कामाला येतो, म्हणून यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

व्हॅल्यू म्हणजे रंग बाजूला ठेवून उरलेला उजेड-अंधार. चित्र दुरून ओळखू येतं ते व्हॅल्यूमुळे, आणि नवशिक्याचं चित्र 'मातकट' दिसतं तेही बहुतेक वेळा व्हॅल्यूमुळेच, जरी तो रंगांना दोष देत असला तरी. अडचण अशी की डोळा व्हॅल्यू खरी सांगत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीतले एडवर्ड एडलसन यांनी १९९५ साली एक चित्र केलं. बुद्धिबळासारख्या पटावर एका नळकांड्याची सावली पडली आहे. उजेडातला एक गडद चौकोन आणि सावलीतला एक फिका चौकोन, दोन्ही अगदी एकच करडे आहेत. कितीही वेळ पाहा, ते वेगळेच दिसतात. पटत नसेल तर ते चित्र उघडून कलर पिकरने, म्हणजे चित्रातला रंग उचलून दाखवणाऱ्या टूलने, मोजून पाहा. मेंदू सावली वजा करून वस्तूचा 'खरा' रंग सांगत असतो. चित्रकाराला मात्र वजाबाकीच्या आधीचा आकडा हवा असतो.

सराव असा. स्वतः काढलेला एक फोटो घ्या. पाच करडे रंग आधीच एका पट्टीवर ठरवून ठेवा: काळ्याच्या जवळचा, गडद, मधला, फिका, पांढऱ्याच्या जवळचा. वीस मिनिटं लावा आणि फोटो या पाचांतच बसवा. झूम करायचा नाही. चित्र स्क्रीनवर आगपेटीएवढं दिसेल असं ठेवायचं. डोळे किलकिले करून पाहायचं, कारण पापण्या मिटत आल्या की तपशील विरतो आणि मोठे गठ्ठे उरतात. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये असो की तालुक्याच्या ठिकाणच्या कलामहाविद्यालयात, लँडस्केपला गेल्यावर सर हेच सांगतात, पण टॅबलेट हातात आला की पोरं ते विसरतात.

आठवड्याला पाच, महिन्याला वीस, तीन महिन्यांत साठ. फोटो पुण्याच्या मंडईतले घ्या: आत अंधार, गाळ्यांवर दिवे, दारातून येणारा दिवसाचा पांढरा उजेड. एप्रिलमधली दुपारी एकची गल्ली घ्या, जिथे सावली सुरीने कापल्यासारखी असते, आणि जुलैतली तीच गल्ली घ्या, जिथे ढगांनी उजेड चाळून दिल्यामुळे सावलीला कडच नसते. दुसऱ्या चित्रात अंधार फक्त फटींत सापडतो, हातगाडीच्या खाली, पायरी आणि भिंत जुळते तिथे. हे दोन फोटो शेजारी ठेवून केलेला अभ्यास दहा व्हिडिओंच्या बरोबरीचा आहे.

दुसऱ्या महिन्यापासून कडांकडे लक्ष द्या. कड कडक, मऊ आणि हरवलेली अशी तीन प्रकारची असते. गोलसर पृष्ठभागावर सावली हळूहळू वळते, तिथे मऊ. एक वस्तू दुसरीच्या पुढे येते आणि दोन्हींच्या व्हॅल्यू दूर असतात, तिथे कडक. दोन्हींच्या व्हॅल्यू जवळ आल्या की कड हरवू द्या, पाहणाऱ्याचा डोळा ती स्वतः जोडून घेतो. माझ्या विद्यार्थ्याच्या योद्ध्याची सगळी अडचण इथेच होती. त्याच्या चित्रात चिलखताचं लोखंड, गालाची कातडी आणि मागचा ढग, सगळ्यांची कड सारखीच मऊ होती. लोखंड कसं ओळखायचं?

पुढे रंगात काम करतानाही व्हॅल्यू तपासत राहायची असते. त्यासाठी सगळ्यात वर एक लेयर घ्या, काळ्याने भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत, 'कलर' करा. खालचं चित्र काळं-पांढरं दिसेल. लेयरशेजारची डोळ्याची खूण बंद केली की रंग परत. याच्या जोडीला चित्र आडवं उलटवून पाहण्याची सवय लावा. क्रितात एम दाबलं की झालं. उलटलेल्या चित्रात तिरका चेहरा आणि कलंडलेलं घर लगेच पकडलं जातं.

रंग आणि उजेड

चौथ्या महिन्यात रंग उघडा. सुरुवातीला करड्या चित्रावर रंगाचा लेयर चढवण्याचा मोह होईल. करून पाहा, निकाल जुन्या हाताने रंगवलेल्या फोटोसारखा फिका येतो. कारण खऱ्या उजेडात सावली नुसती गडद होत नाही, तिचा रंगही बदलतो. पिवळट उन्हात पांढऱ्या भिंतीची सावली निळसर दिसते, कारण तिथे सूर्य पोचत नाही पण आकाश पोचतं. तीच भिंत तांबड्या मातीच्या अंगणाजवळ असेल, तर खालच्या भागात मातीचा लालसरपणा उसळून येतो.

यासाठी माझा आवडता सराव म्हणजे आधी अंदाज, मग पडताळणी. फोटोतला एक रंग नुसत्या डोळ्याने पाहून कलर व्हीलवर निवडा, ठिपका द्या. मग पिकरने फोटोतला खरा रंग घेऊन शेजारी ठिपका द्या. झाडाचा 'हिरवा' बहुतेक वेळा तपकिरीकडे झुकलेला निघतो. संध्याकाळच्या पांढऱ्या सदऱ्यात पांढरं जवळपास नसतंच. रोज वीस ठिपके, महिनाभर. याआधी मॉनिटरचा नाइट लाइट बंद करायला विसरू नका. माझ्या विद्यार्थ्याने दोन आठवडे सगळी चित्रं निळी केली, ती याच कारणाने.

आता एका चित्रासमोर बसा. सावळाराम हळदणकर यांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंग चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पणतीसारखा दिवा हातात धरलेली बाई, ज्योतीपुढे दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा लालसर उजेड. उजेड कातडीत शिरतो, आत विखुरतो, आणि रक्तामुळे त्यातला लाल भागच मुख्यतः बाहेर येतो. थ्रीडीवाले याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात आणि त्यासाठी संगणकाला तासन्‌तास राबवतात. हळदणकरांनी ते कागद आणि पाण्यावर भागवलं. टॅबलेटवर हे करायचं तर उजेड संपून सावली सुरू होते, त्या अरुंद पट्ट्यात लाल-नारिंगीचा भडकपणा वाढवा. कान, नाकपुडी, बोटांच्या फटी. एवढ्यानेच कातडी मेणासारखी न दिसता जिवंत दिसते. चित्राची प्रत समोर ठेवून तीन वेळा अभ्यास करा, प्रत्येक वेळी एका तासात, आणि प्रत्येक वेळी कोऱ्या फाइलवर.

यथार्थदर्शनाबद्दल (पर्स्पेक्टिव्ह) मी थोडक्यातच आटपते, कारण ते पुस्तकातून शिकता येतं आणि बहुतेकांनी कॉलेजात शिकलेलंही असतं. एक-बिंदू, दोन-बिंदू घोटून घ्या. क्रितातल्या असिस्टंट टूलने लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या रेघा मिळताना दिसतात त्या बिंदूकडे, जाणाऱ्या रेघा मांडता येतात. पेटी, नळकांडं, पाचर या तीन आकारांत घरातली मिक्सर, शिलाई मशीन, गॅसची शेगडी उतरवा, आणि मागची न दिसणारी बाजूही काढा. मागची बाजू काढता आली नाही, तर ती वस्तू तुम्हाला कळलेली नाही. सोबत ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडून त्याच पेट्या तिथे रचायला शिका. ब्लेंडरही मोफत आहे, आणि कठीण कॅमेरा कोनासाठी ठोकळे मांडून त्यावर चित्र काढणं यात कुणालाही लाज वाटत नाही.

ब्रीफ: फिरती रसवंती

सातव्या महिन्यापर्यंत त्याचा हात आणि डोळा तयार होता. आता डिझाइन. मी त्याला ब्रीफ, म्हणजे काय डिझाइन करायचं याची मागणी, लिहून दिलं: सन २१५०. पाणी मोजून मिळतं, ऊस लावायला परवाना लागतो. मराठवाड्यातल्या यात्रांमधून फिरणारी रसवंती डिझाइन कर.

तो लगेच टॅबलेट उघडायला लागला. म्हटलं, "अरे, आधी रस पिऊन ये."

पहिली पायरी, जाऊन बसा. तीन वेगवेगळ्या दिवशी, एकेक तास, वही आणि पेन्सिल घेऊन. यंत्र पाहा: ऊस पहिल्यांदा रोलमधून जातो, मग चेपलेला ऊस दुमडून, त्यात लिंबू-आलं घालून पुन्हा सरकवला जातो. चाकाला घुंगरू बांधलेले असतात, त्यामुळे यंत्र फिरतंय हे रस्त्यावरून जाणाऱ्याला न पाहता कळतं. म्हणजे घुंगरू ही सजावट नाही, जाहिरात आहे. गाळणी कुठे, बर्फाची पेटी कुठे, माणूस कुठल्या हाताने काय करतो, गिऱ्हाईक कुठे उभं राहतं. जुन्या लाकडी चरकाची चित्रं किंवा फोटो शोधा: उभे रोल, लांब दांडा, भोवती फिरणारा बैल. नेटवरचे संदर्भ प्युअररेफसारख्या, चित्रं एकत्र मांडायच्या सॉफ्टवेअरच्या बोर्डावर मांडा, पण निम्म्याहून जास्त संदर्भ स्वतः काढलेले असू द्या. नेटवरचे सगळ्यांकडे आहेत.

दुसरी पायरी, प्रश्न लिहा. ही रसवंती कोण चालवतं, एकटा माणूस की जोडपं? ती कशावर चालते? एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जाते? रात्री कुठे झोपतात? ऊस कुठे ठेवतात आणि चोरीला जाऊ नये म्हणून काय करतात? दहा प्रश्न, प्रत्येकाला एका ओळीचं उत्तर. ही उत्तरं म्हणजेच डिझाइन. आकार त्यानंतर येतो.

तिसरी पायरी, थंबनेल, म्हणजे कल्पनांची छोटी झटपट चित्रं. चोवीस, प्रत्येकी दोन मिनिटं, फक्त काळ्या छायाकृती. आतलं काहीच काढायचं नाही. प्रत्येकाशेजारी एक उभा माणूस काढायचा, म्हणजे आकारमान कळतं. त्याच्या पहिल्या आठांत आठही अंतराळयानं होती. हे सगळ्यांचं होतं, घाबरू नका, डोक्यातला पाहिलेला माल आधी बाहेर पडतो. नऊ ते सोळामध्ये बैलगाडी, टांगा, खांद्यावरची कावड यायला लागली. सतरा ते चोवीसमध्ये पहिल्यांदा त्याचं स्वतःचं काही दिसलं: मोठं उभं चाक, ज्याच्या आत बसून माणूस ते चालवतो. म्हणूनच दहा थंबनेलवर थांबायचं नसतं.

निवडताना तीन बाजूला काढा. आगपेटीएवढं करून पाहा. ओळखू येतं का? मोठा, मधला आणि बारीक असे तीन दर्जाचे आकार आहेत का, की सगळे एकाच मापाचे? गोल आकार आपलासा वाटतो, चौकोन भक्कम वाटतो, त्रिकोण धोक्याचा वाटतो. हे सूत्र ढोबळ आहे, पण यात्रेतल्या रसवंतीला काट्यांची छायाकृती का नको हे सांगायला पुरतं.

चौथी पायरी मात्र कुठल्याच कोर्समध्ये मी पाहिली नाही, आणि तीच सगळ्यात कामाची निघाली. निवडलेलं रेखाटन त्या धंद्यातल्या माणसाला दाखवा. तो प्रिंट काढून त्याच रसवंतीवाल्यांकडे गेला. काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाळा, चिपाडं कुठं टाकणार?"

याचं उत्तर चित्रात नव्हतंच. रसवंतीत रसाइतकीच जागा चिपाडं खातात. मग आम्ही दोघं बसलो. साखर कारखान्यात ऊस पिळून उरलेला चोथा जाळून वाफ आणि वीज बनवतात. मग ही रसवंती स्वतःच्या चिपाडांवर का चालू नये? पण ओला चोथा नीट जळत नाही. कारखान्यातून निघणाऱ्या चोथ्यातही जवळपास निम्मं वजन पाण्याचंच असतं, आणि रसवंतीची चिपाडं तर त्याहून ओली. म्हणजे ती वाळवायला हवीत. कुठे? मराठवाड्याच्या उन्हात, टपावर. त्याने टपावर बांबूच्या तिरक्या ताट्या चढवल्या, त्यावर चिपाडं पसरली, आणि मागे छोटा बॉयलर बसवला. छायाकृती पार बदलली. लांबून ती आता पंख पसरून बसलेल्या पक्ष्यासारखी दिसायला लागली, आणि असं दुसरं वाहन कुणाच्या पोर्टफोलिओत मी पाहिलेलं नाही. चोवीस थंबनेलांनी दिलं नाही ते एका प्रश्नाने दिलं.

शीट

आता पुढच्या माणसासाठी कागद तयार करा. ए-थ्री आडवा, ३०० डीपीआय, म्हणजे ४९६१ × ३५०८ पिक्सेल. त्यावर समोरून, बाजूने आणि मागून दिसणारी वस्तू एकाच मापात, यथार्थदर्शनाशिवाय. तिन्हींमधून आडव्या रेघा ओढल्या तर चाकाचा आस, टपाची कड, पायरी सगळं एका उंचीवर जुळलं पाहिजे. इथे हमखास चुकतं. समोरून चाक माणसाच्या खांद्यापर्यंत, बाजूने कमरेपर्यंत, आणि बिचारा मॉडेलर फोन करतो. शेजारी १६५ सेंटीमीटरचा माणूस उभा करा.

एक तीन-चतुर्थांश कोनातलं रंगीत चित्र, तेही फार सजवलेलं नको. मग बारीक तपशील मोठे करून दाखवा: रोलची जोडणी, घुंगरांची माळ, ताटी उघडते-मिटते कशी. बॉयलर आतून कसा आहे ते कापून दाखवा. प्रत्येक पृष्ठभागाला साहित्याची नोंद: गंजलेला पत्रा, तेल पाजलेलं बाभळीचं लाकूड, रोलवर घासून चकाकणारं लोखंड. झीज कुठे होते तेही लिहा. हात जिथे रोज लागतो तिथला रंग उडतो, सगळीकडे सारखा नाही. सगळीकडे सारखा गंज मारलेली वस्तू जुनी दिसत नाही, मळलेली दिसते.

नोंदी वाचता येतील अशा अक्षरांत टाइप करा. स्टुडिओ बाहेरचा असेल तर इंग्रजीत. नाटकी फॉन्ट नको.

शेवटी वातावरणाचं एकच चित्र: संध्याकाळची यात्रा, दिव्यांच्या माळा, बॉयलरची वाफ, रसवंतीभोवती माणसं. व्हॅल्यू आणि रंगाचे सहा महिने वसूल होतात ते इथे. फोटोचे तुकडे चिकटवून पोत आणायचा असेल तर स्वतःचे फोटो वापरा, किंवा ज्यांना मोकळा परवाना आहे असे. दुसऱ्याचा फोटो उचलून व्यावसायिक कामात वापरला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

सेव्ह करताना क्रितात कंट्रोल-ऑल्ट-एस दाबा, प्रत्येक वेळी नवीन क्रमांकाची फाइल बनते. थंबनेल, चुकलेली रेखाटनं, काकांच्या प्रश्नाआधीची आवृत्ती, सगळं ठेवा आणि दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. माझी एक डिस्क अशीच गेली, तीन वर्षांची कामं घेऊन, आणि आता माझ्याकडे त्या काळातली फक्त तयार चित्रं आहेत. ती कशी झाली हे दाखवायला काहीच नाही.

पोर्टफोलिओ

याबद्दल लोक फार लिहितात, मी थोडंच लिहिते. तीन पूर्ण प्रकल्प वीस सुट्या चित्रांपेक्षा बरे. प्रत्येक प्रकल्पात ब्रीफ, संदर्भातली स्वतःची रेखाटनं, थंबनेल, शीट आणि एक वातावरणचित्र. चित्रकार काम दाखवतात त्या आर्टस्टेशन या साइटवर टाका. ज्या स्टुडिओत जायचंय तिथलं काम पाहून प्रकल्प निवडा. पुण्यात युबिसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीचा स्टुडिओ आहे, मुंबई-बंगळुरूतही काम आहे, पण गाड्यांच्या गेमसाठी माणूस हवा असलेल्या जागी राक्षसांची चित्रं पाठवून उपयोग नाही. सगळ्यात कमकुवत चित्र काढून टाका. मग उरलेल्यातलं सगळ्यात कमकुवत तेही.

एआयने चित्र बनवून देणाऱ्या साधनांबद्दल विद्यार्थी विचारतातच. शिकायच्या वर्षात त्यापासून लांब राहा, असं मी सांगते, कारण त्यातून थंबनेल मिळतात पण ती निवडणारा डोळा मिळत नाही. आणि मुलाखतीत ताटी मिटते कशी हे विचारलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

बारा महिन्यांनी त्याने जुन्या योद्ध्याची फाइल उघडली. दुरुस्त करू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. ती राहू दे, नवीन काढ. पुढचं ब्रीफ त्याने स्वतःच लिहिलं आहे: सोलापुरी चादरीचा माग, पण जहाजावर बसवलेला. जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं नेमकी काय करतात हे त्याला माहीत नाही, आणि आजोबांच्या ओळखीचा एक विणकर अजून काम करतो. म्हणून या रविवारी तो गावी गेलाय, वही घेऊन. टॅबलेट माझ्याकडे ठेवून.